झोजिला दुपारी बंद असतो

नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि चेन्नईत मुलाकडे राहायला आलो. आमच्या इमारतीतली पोरं दर उन्हाळ्यात मोटारसायकलवरून लडाखला जातात. झोजिला खिंडीच्या पाटीसमोर फोटो काढून येतात आणि "अंकल, पास एकदम सुपर" म्हणतात. कसला सुपर? त्या खिंडीने किती माणसं खाल्ली, हे त्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

झोजिला साडेअकरा हजार फुटांवर आहे. काश्मीरच्या बाजूने चढ भिंतीसारखा उभा, पलीकडे द्रासकडे उतार बराच सौम्य. श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता इथूनच जातो, म्हणून खिंड ज्याच्या हाती, लडाखचं दार त्याच्या हाती. अठ्ठेचाळीस साली वर शत्रू बसला होता. आपल्या सॅपर्सनी, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या जवानांनी, खेचरांची वाट रुंद केली आणि तिच्यावरून रणगाडे वर गेले. ते सॅपर्स दक्षिणेकडचे होते. चेन्नईत हे कुणाला विचारून बघा.

आमची तुकडी तिथे बुलडोझरने रस्ता मोकळा ठेवायची; आमच्या वेळी शत्रू एकच, बर्फ. एप्रिलमध्ये रात्री गोठलेला बर्फ दुपारच्या उन्हाने सुटतो आणि अख्खा उतार खाली येतो. म्हणून गाड्या सकाळी सोडायच्या, दुपारी बॅरियर बंद.

एका दुपारी चार पर्यटकांनी कुणा बड्याचं नाव सांगून बॅरियर उघडायला लावला. तासाभरात रेडिओवर साहेबांचा आवाज आला.

"सिव्हिल गाडी बर्फात अडकली आहे. चार जण. डोझर पाठवा. ओव्हर."

"स्लोपवर ऊन आहे. ओव्हर."

"पाठवा. आउट."

माझा डोझर ऑपरेटर सेल्वम, चेन्नईच्या व्यासरपाडीचा. तो म्हणाला, "सार, चूक त्यांची आणि चढायचं मी?"

"हो."

"बरं सार. शिव्या आल्यावर देतो."

त्याने वाट मोकळी केली. गाडी सुखरूप खाली आली. मागून डोझर वळत असताना वरचा बर्फ सुटला.

आम्ही अंधार पडेपर्यंत खणत होतो. त्या चौघांना मेसमध्ये डाळभात मिळाला. त्यातला एक मला म्हणाला, "आमचा एक दिवस फुकट गेला." मी त्याच्या थोबाडीत मारली नाही, याची चीड अजून जात नाही. सेल्वम दुसऱ्या दिवशी सापडला.

दर पोंगलला मी त्याच्या घरी जातो. त्याची बायको लक्ष्मी कधी काही विचारत नाही. यंदा पानावर पोंगलचा गोड भात वाढता वाढता तिने विचारलं, "अण्णा, गाडीतली माणसं वाचली होती ना?"

"चौघंही वाचली."

"मग ह्यांचं काम झालं," ती म्हणाली आणि तिने आणखी एक डाव वाढला.

माझं मन एवढं मोठं नाही. त्या चौघांनी निघताना सेल्वमचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही. खाली मान घालून जेवलो.