नको म्हणजे कोणाला नको?

कावेरीच्या पाण्यावर आजवर जेवढा संशय पिकला, त्यातला निम्मा आमच्या थोरल्या मामांनी एकट्याने कापून घरी आणला; उरलेला निम्मा कोणी नेला, याचा ते अजून तपास करताहेत. हे मी देवनागरीत लिहितो आहे, म्हणून एवढा धीट. तंजावरातल्या आमच्या बहुतेक मंडळींप्रमाणे मामा मराठी बोलतात घडाघडा, पण वाचतात फक्त तमिळ. ओरत्तनाडूच्या बसमध्ये चढण्याआधी ती कुठे जाते हे ते कंडक्टरला विचारतात, मग ड्रायव्हरला. दोघांचे उत्तर एकच आले की मामांचा चेहरा पडतो. “दोघांनी अगोदरच ठरवून ठेविले आहे,” म्हणत ते बस सोडून देतात. मोठ्या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, अशी गावात बोलवा आहे. मामा टळटळीत उन्हात खात्री करायला गेले आणि तळपाय भाजून परतले. “सावलीत उभा राहून आलो रे, डा,” ते म्हणाले, “पण ती शिखराचीच कशावरून?”

मामी तिरुवैयारूच्या मुलींना गाणे शिकवीत. त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या शिकवण्याची ढीगभर ध्वनिमुद्रणे संगणकात राहिली, नावे नसलेली आणि इतस्ततः पसरलेली. हवे ते गाणे मामांना सापडेना. मी पोटासाठी प्रोग्रॅम लिहितो, तेव्हा एका एआय एजंटाकडून हा पसारा लावून देण्याचे मी अंगावर घेतले. आधी एक प्रत काढून ठेवू म्हटले, तर मामा ताडकन म्हणाले, “नक्कल केलीस की खरी कोणती, ते कोण सांगणार?” म्हणजे मामींचा आवाज होता तो एवढाच, आणि तो या एजंटाच्या हाती.

“हा कोणाच्या घरचा?” मामांनी पहिलाच प्रश्न टाकला.

“मामा, त्याच्या हाती आपण साधने द्यायची आणि प्रत्येकाखाली लिहायचे, हे काय करते, कधी वापरावे. तेवढे वाचून तो कामाला लागतो.”

“म्हणजे स्वयंपाकी आंधळा, आणि कोणत्या डब्यात काय ते तू सांगणार! वाच बघू.”

मी ऐटीत वाचले, “साफसफाई: नको असलेल्या फायली काढून टाकते.”

“नको म्हणजे कोणाला नको?”

“एकसारख्या असतील त्या, मामा.”

“तुझी मामी एकच ओळ सकाळभर गाई, मुलींस येईतो. त्या अस्क्या, सगळ्या, एकसारख्याच की रे!”

माझ्या पाठीतून असा घाम निघाला, की उन्हाळ्यातल्या कावेरीला पूर यावा.

मग मामांनी सूत्रे हाती घेतली आणि वर्णन सांगितले: “हे साधन वापरू नये. वापरणे भागच पडले तर विचारावे. होकार आला, तरी देणारा शुद्धीवर आहे काय ते पाहावे.” मीही घाबरलेला, जसेच्या तसे उतरवले. एजंट अक्षरशः पाळू लागला. फोल्डर उघडू का? उघडला, आता आत पाहू का? पाहिले ते तुम्हाला सांगू का? मामा खूश. “चांगल्या घरचा दिसतो,” म्हणाले. संध्याकाळपर्यंत एक फाइल जागची हलली नाही.

“मामा,” मी शेवटी म्हणालो, “अशाने कोणी काही पुसून टाकणार नाही, खरे. पण मामींचे गाणेही तुम्हाला सापडायचे नाही.”

“मग सापडेल असे लिही,” मामा म्हणाले. मग आम्ही दोघांनी मिळून लिहिले: “हे साधन सारख्या वाटणाऱ्या फायली शोधून एकत्र दाखवते. काहीही पुसत नाही. शंका आली, तर ती फाइल बाजूला ठेवून मामांना विचारावे.” पुसण्याची सोय मी साधनातून मुळातच काढून टाकली, नाहीतर तेही वर्णन खोटेच ठरले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकेक गाणे आपापल्या जागी बसले. बाजूला एकच फाइल उरली होती. एजंटाने विचारले होते, ‘यात गाणे नाही. कोणी बाई बोलत आहेत. ठेवावी का?’

मी ती लावली. तंबोरा थांबला आणि मामींचा आवाज आला, “अहो, दारात उभे राहून काय ऐकता रोज रोज? आत येऊन बसा की.”

मामा दारातच उभे होते. आता ‘कशावरून?’ येणार म्हणून मी वाट पाहिली. ते आत आले, माझ्याशेजारी बसले आणि हलकेच म्हणाले, “ठेव.”