बाहेरचं नाई, आतलं

आमचा वऱ्हाड प्रांत महाराष्ट्रात आला, त्या सुमाराची गोष्ट. अकोल्यात आमच्याच अंगणात मले पाटावर बसवलं. केस मोकळे सोडले. समोर शेगडीत मिरच्या. देवऋषीनं केस धरून हिसडले, "बोल! कोण आहेस? नाव सांग!"

मी बाळंतीण होती. पोरीले पाजताना रडू फुटे. काहून, ते मलेच समजे नाई. सासू म्हणे, "इले बाहेरचं लागलं." शेजारणी ओट्यावरून पाहून राहिल्या होत्या. सासरे वकील, मोठा माणूस. आरामखुर्चीत पान चघळत बसले होते.

धुरानं जीव चालला. मी म्हटलं, "कमल."

कमल म्हणजे माझ्या नवऱ्याची पयली बायको. बाळंतपणानंतर तिनं विहिरीत जीव दिला होता. नाव ऐकून सगळ्यांचे चेहरे कसे खुलले! धूर बंद केला. पण पोरगी माझ्याजवळून नेली. ही गळा दाबंल म्हणे! वर माडीवर पोरगी रडे, खाली माझं लुगडं दुधानं भिजे. मले सारे कमलच म्हणू लागले.

माझी माय बाळापूरहून आली. भांडून मले डाक्टरीणबाईकडे घेऊन गेली. बाई म्हणाल्या, "भूतबीत काही नाही. बाळंतपणानंतर बाईच्या अंगातले रस एकदम ओसरतात. कुणाकुणाचं मन पार खचतं. हे बाहेरचं नाही गं, आतलं आहे. बाळ जवळ असू दे."

घरी सांगितलं तर सासरे खो खो हसले. "रस? उसाचा का आंब्याचा?"

अमावस्येले पुन्हा पाट मांडला. पुन्हा मिरच्या. आन् व माय, तेव्हा माझ्या डोक्यात आलं. कमललेबी याच पाटावर बसवलं असंल. तिचंबी लेकरू नेलं असंल. तिनं कोणाचं नाव सांगितलं असंल?

"नाव सांग!"

मी माझं नाव सांगितलं. माहेरचं. बापाच्या नावासकट. देवऋषीनं केस हिसडले. मी पुन्हा तेच सांगितलं. मग उठली, शेगडी लाथेनं उलथवली, माडीवर जाऊन पोरगी उचलली. सासू किंचाळली, "कमल, ठेव तिले!"

म्हटलं, "कमलले तुमी मारलं. मी जिती आहे."

रडू काही थांबलं नाई. कितीतरी महिने रडत रडतच पाजलं. विहिरीकडे अजून पाहवत नाई मले.

आता धाकट्या जावेचे दिवस भरत आले. सासूनं तो पाट जपून ठेवला होता. काल मी तो चुलीत घातला. जावेले रडू येईल, तर येऊ द्या. तिचं लेकरू तिच्या कुशीतून न्यायचं असंल, तर पयले माझ्या अंगावरून जावं लागंल.