घरचं की दुकानचं

धुळ्यात पाच कंदिलाकडून आतल्या गल्लीत वळलं, की सत्तार पिंजारी यांचं दुकान लागतं. दुकानाला पाटी नाही. दारात एकावर एक रचलेल्या खुर्च्या, भिंतीला उभे टेकवलेले पलंग आणि आरसा निघालेली ड्रेसिंग टेबलाची चौकट पाहून काय विकतात ते कळतं. सत्तारभाऊ जुनं फर्निचर घेतात आणि विकतात. त्यांचे वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. गादी नव्याने भरायला देणारे लोक कधीकधी म्हणायचे, पलंगही घेऊन जा, जागा अडते. असे पलंग साठत गेले आणि सत्तारभाऊंच्या हातात दुकान आलं, तेव्हा गाद्या मागे पडून पलंगांचाच धंदा झाला.

या धंद्यात लक्षात ठेवण्याचं काम त्यांनी खडूवर सोपवलेलं आहे. एखाद्या वस्तूचा सौदा झाला, की तिच्या पाठीवर किंवा पोटाखाली खडूने फुली मारायची. फुलीची वस्तू मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचीसुद्धा नाही. नेणारा उद्या येवो की चार महिन्यांनी.

दुसरा नियम त्यांच्या बायकोचा, ताजबींचा. लग्नानंतर सुरुवातीला सत्तारभाऊंनी दुकानातलं एक लोखंडी कपाट घरी आणलं होतं. हळदीकुंकवाचं निमंत्रण द्यायला आलेल्या एका शेजारणीने ते पाहिलं आणि म्हणाली, "हे तर आमच्या जाऊबाईंचं. या दाराला त्यांच्याच पोराने लाथ मारली होती." त्या दिवशी ताजबींनी सांगितलं, "दुकाननी वस्तू घरमा नको." तेव्हापासून घरात सगळं नवं आलं. सोफा कम बेड आला, त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर अजून निघालेलं नाही. काचेचं शोकेस आलं, त्यात प्लास्टिकची फुलं आली. जुनं दुकानात आणि नवं घरात, असा सत्तारभाऊंचा हिशोब सरळ होता.

अलीकडे दुकानाच्या बाजूने तो हिशोब चुकू लागला. जळगावहून एक जोडपं आलं आणि पोपडे उडालेला दरवाजा घेऊन गेलं. टेबल करायचं म्हणाले. सत्तारभाऊंनी घासून पॉलिश करून देतो म्हटलं, तर बाई घाबरल्यासारख्या म्हणाल्या, "नको, नको. हात लावू नका, असाच द्या." एकाने बंद पडलेलं घड्याळ नेलं. दुरुस्त करून देऊ का, असं विचारलं, तर म्हणाला, कशाला, वेळ मोबाईलमध्ये दिसते. सत्तारभाऊंनी जन्मभर जुनी वस्तू नवी दिसावी म्हणून खटपट केली होती. आता त्यांना कळेना, की पॉलिशचा डबा उघडायचा की झाकायचा.

मग घराच्या बाजूनेही चुकला. थोरला मुलगा शेहजाद याची बायको खुशनुमा जळगावची. हात चांगला चालणारी. जुन्या साड्यांच्या पट्ट्या जोडून तिने उशांचे अभ्रे केले, बांबूची टोपली उलटी टांगून आत बल्ब लावला, तोवर ताजबी काही बोलल्या नाहीत. पण सासऱ्यांचा डबा घेऊन दुकानात गेली, की ती रिकाम्या हाताने परत येईना. एकदा पारा उडालेला आरसा आणला. एकदा पितळी कोपऱ्यांची पेटी. चिंचेच्या कोळाने पितळ घासून घासून तिने असं काही केलं, की सत्तारभाऊंनी दोनदा विचारलं, ही आपल्याकडचीच का.

"बठ्ठं दुकानच घरमा लई उनी का वं तू?" ताजबी म्हणाल्या.

"अम्मी, लोक याच्यासाठी शोरूममध्ये जातात," खुशनुमा म्हणाली. "आपल्याकडे तर फुकट आहे."

"लोकांची घरं भरलेली असतात, म्हणून ते जुनं मांडतात. आपण मांडलं, तर विकलं गेलं नाही म्हणून घरी आणलं, असं म्हणतील."

दोघींनीही सत्तारभाऊंकडे पाहिलं. त्यांना दोघींचंही पटलं होतं. ते नमाजाला निघून गेले.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच सुमारास धाकटी मुलगी अफिफा हिच्यासाठी अमळनेरचं स्थळ आलं. मुलगा झैद, जळगावला एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांच्या कारखान्यात सुपरवायझर. फोटो पाहून अफिफाने नाही म्हटलं नाही. आधीच्या दोन स्थळांना तिने नाही म्हटलं होतं, त्यामुळे घराला त्याचा अर्थ कळला. पण झैदच्या घरात शब्द चालतो तो त्याच्या फुफीचा, म्हणजे आत्याचा. एका ठिकाणी तिने पाहुणचाराचा टी-सेट शेजारून आणलेला ओळखला आणि स्थळ मोडलं, अशी बातमी तिच्याआधी धुळ्याला पोहोचली होती. माणसं दाखवण्यापुरती वस्तू उसन्या आणतात, याचा तिला राग होता.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सत्तारभाऊ घरी आले तेव्हा सोफा जागेवर नव्हता. तिथे दुकानातला, जुन्या जिनिंग मिलच्या कचेरीतून आलेला लांब सागवानी बाक होता, त्यावर साड्यांचे अभ्रे. आरसा समोरच्या भिंतीवर. टोपलीतला बल्ब चालू. खोली मोठी वाटत होती आणि परक्याची वाटत होती.

"सोफा?"

"शेजारी ठेवलाय, अब्बा. दोन दिवसांसाठी."

बाकाबद्दल काहीतरी आहे, असं सत्तारभाऊंना वाटलं. काय, ते आठवेना. त्यांनी गुडघ्यावर बसून खाली वाकून पाहिलं. फुली नव्हती. लाकूड स्वच्छ, तेल लावलेलं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

पाहुणे आले. झैद, त्याचे वडील युनूसभाऊ आणि फुफी. तिघं बाकावर बसली, कारण बसायला दुसरं काही नव्हतं. अफिफा सरबत देऊन आत गेली. युनूसभाऊ पावसापाण्याचं बोलले. फुफीने आरशात पाहिलं, पेटीचा कडी-कोयंडा पाहिला, टोपलीतला बल्ब पाहिला. मग बाकाच्या हातावर बोट फिरवत विचारलं, "सत्तारभाऊ, तुमचं दुकान जुन्या मालाचं ना?"

"हो."

"मग हाऊ बाक घरना का दुकानना?"

सत्तारभाऊंनी ताजबींकडे पाहिलं. ताजबींनी खुशनुमाकडे. फुली नव्हती, म्हणजे कुणाचा नव्हता. दुकानातून आला होता, पण आता घरात होता. "घरचाच," ते म्हणाले.

तेवढ्यात गल्लीत टेम्पो थांबला आणि दारात प्रेमराज पाटील उभे राहिले. निवृत्त ग्रामसेवक, देवपुरात नवं घर बांधत होते. घर पूर्ण झालं की बाक नेतो, असं त्यांनी उन्हाळ्यात सौदा करताना सांगितलं होतं. दुकान बंद दिसलं म्हणून ते घरी आले होते. त्यांनी बाक पाहिला, बाकावरचे पाहुणे पाहिले, दाराआडून डोकावणारी ओढणी पाहिली, आणि सगळं ओळखलं.

"अरे, पाहुणे आहेत. मी सहज आलो होतो सत्तारभाऊ. काही काम नाही. येतो नंतर."

त्यांनी वाट काढून दिली होती. सत्तारभाऊंना ती दिसली नाही. प्रेमराजभाऊंचा चेहरा पाहताक्षणी त्यांना काय आठवत नव्हतं ते आठवलं, आणि माल तयार असताना गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही, एवढंच डोक्यात आलं.

"थांबा, थांबा. तुमचा बाक तयार आहे ना."

"मला आज नकोच आहे."

"असं कसं? टेम्पो आणलाय तुम्ही."

"टेम्पो दुसऱ्या कामाला आणलाय."

"प्रेमराजभाऊ, माफ करा. फुली कशी काय नाही, तेच कळत नाही मला."

"खडूचे डाग होते खाली," खुशनुमा अगदी बारीक आवाजात म्हणाली. "मी पुसले."

युनूसभाऊ उठले. झैद उठला. फुफी सावकाश, अभ्रे एकेक बाजूला ठेवत उठली. सत्तारभाऊ माफी मागत होते, पण प्रेमराजभाऊंची. ज्यांची मागायला हवी होती ते उभे राहून ऐकत होते. टेम्पोवाल्याला बाक एकट्याने हलेना, तेव्हा झैदने दुसरं टोक धरलं. उंबऱ्यापाशी बाक तिरका झाला, तसा तो खाली डोकावून म्हणाला, "खिळा नाही याला. नुसत्या खुंट्या आहेत." हे त्याने कुणाला सांगितलं ते कळलं नाही. प्रेमराजभाऊ बाकामागून बाहेर पडले, नेणाराच ओशाळला होता.

खोली रिकामी झाली. ताजबींनी आतून नवी कोरी चटई आणून अंथरली. झैदने कोपरा उलटून पाहिला. "आमच्याच कारखान्यातली आहे," तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

फुफी खाली बसली. "आरसा?"

"दुकानचा," सत्तारभाऊ म्हणाले.

"पेटी?"

"ती पण."

"मग घरना काय शे?"

सत्तारभाऊंनी विचार केला. "सोफा आहे. तो शेजारी ठेवलाय."

युनूसभाऊंनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. फुफीने पदर सावरला आणि ताजबींना विचारलं, "पोर तरी घरनी शे ना?"

उत्तर दाराआडून आलं. "आतापर्यंत तरी," अफिफा म्हणाली.

पाहुणे चहा पिऊन गेले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढचे दिवस सत्तारभाऊ दुकानात बसून राहिले. आपण खोटं बोललो की चुकलो, हे त्यांना ठरवता येईना. घरचा म्हणाले तेव्हा त्यांना तो घरचाच वाटला होता. दिला तेव्हा दुसऱ्याचा. एकच बाक, एकाच दुपारी. सोफा परत आला. खुशनुमाने टोपली काढली, मग ताजबींनीच ती पुन्हा लावायला सांगितली. त्या उजेडात डोळ्यांना बरं वाटतं म्हणाल्या. सत्तारभाऊंना हेही कळलं नाही.

जुम्म्याच्या दिवशी अमळनेरहून युनूसभाऊंचा फोन आला. मुलगी पसंत आहे. फुफी म्हणते, मुलीला घरच्या फजितीतही गमतीने बोलता येतं, अशी सून टिकते. "आणि सत्तारभाऊ," युनूसभाऊ म्हणाले, "तिने एक सांगितलंय. मुलीला जे काही द्याल ते नवं द्या. दुकानचं काही नको."

सत्तारभाऊंनी मान्य केलं. ताजबी जिंकल्यासारख्या खुशनुमाकडे पाहत होत्या, तेवढ्यात शेहजाद आला. त्याला झैदचा मेसेज आला होता. तो पारा उडालेला आरसा कुणाला देऊ नका, जळगावच्या खोलीत लावायचा आहे. फुफीला सध्या सांगू नका.

सत्तारभाऊंनी मेसेज दोनदा वाचून घेतला. एकाच घरातून एकाच दिवशी जुनं नको आलं आणि जुनंच हवं आलं. दोघांना हो म्हणायचं, की दोघांना एकेक सांगायचं, हे विचारायला कुणी नव्हतं. ते उठले, सदऱ्याच्या खिशातून खडू काढला, आरसा भिंतीवरून उतरवला आणि त्याच्या पाठीवर मोठी फुली मारली.

"हाई पुसू नको," खुशनुमाला म्हणाले.

ताजबी दारात येऊन उभ्या होत्या. "मंग आते हाऊ आरसा घरना का दुकानना?"

"अमळनेरना," सत्तारभाऊ म्हणाले आणि आरसा पुन्हा खिळ्याला लावला.