दिपकनं सोडलेली जागा

धोंडिराम बोलत नव्हते, कारण तोंडात सॅक्सोफोनची पत्ती होती. वेताची ती पातळ पत्ती भिजल्याशिवाय वाजत नाही, आणि ती भिजेपर्यंत म्हातारा हूं की चूं करत नाही. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवलेला हा माणूस. पुढं सोलापुरात वराती आणि भीमजयंतीच्या मिरवणुका गाजवल्या. भवानी पेठेतल्या वाद्यसंग्रहालयाला सॅक्सोफोन देऊन टाकला, तोही अट घालून: दर रविवारी काचेचं कपाट उघडायचं आणि यांनी वाजवायचं. ऐट काही उतरली नव्हती.

या रविवारी कपाटासमोर बुद्धप्रिया ताटकळत उभी होती. चिंचोळी एमआयडीसीत सूतगिरणीत काम करणारी ही बाई सुट्टीचं धुणं तसंच टाकून आली होती, ती एका चालीसाठी. तिचे वडील दिपक धोंडिरामांच्याच बँडमध्ये होते. घरीही संध्याकाळी ते एक चाल वाजवायचे. ते गेले, आणि ती गुणगुणायला लागली की एका ठिकाणी अडकायची. पुढं नुसती पोकळी. यंत्रांच्या खडखडाटात आपण बापाची चाल घालवली, या विचारानं तिचा जीव तुटायचा. बापाचा फोटो होता भिंतीवर, पण फोटो काही वाजत नाही.

"आजोबा, मी दिपकची पोरगी. त्यांची ती चाल येती का तुमाला? मी विसरले."

धोंडिरामांनी पत्ती काढली. "दिपकची व्हय? नाकावरनं वाटलंच की!"

त्यांनी पत्ती बसवली, डोळे मिटले आणि सूर सोडला. टांगलेले ढोल, मुके ताशे, खिडकीतलं ऊन, सगळं जरा हलल्यासारखं झालं. बुद्धप्रिया लहान झाली. आई भाकऱ्या थापतेय, बाप उंबऱ्यात बसलाय, आणि आपण मांडीवर ताट घेऊन...

सूर थांबला. नेमका तिथंच.

यांनाही येत नाही, असं तिच्या मनात आलं, तोवर तिची बोटं कपाटाच्या काचेवर वाजू लागली होती. टक, टकटक, टक. बोटं थांबली आणि सॅक्सोफोननं चाल पुढं उचलली, थेट शेवटापर्यंत.

"इसरलीस कुटं?" धोंडिराम हसले. "जॅझमंदी आपण वाजवायचं अन् दुसऱ्याला जागा सोडायची. ती जागा मी भराय गेलो की दिपक लई चिडायचा. म्हनायचा, हितं माझी पोरगी ताट वाजवती."

बुद्धप्रियाला रडू आवरेना. मग तिनं डोळे पुसले, बांगड्या मागं सारल्या.

"आजोबा, चाल परत पहिल्यापासनं घ्या की."