रफीकभाईंचा फोन

हे मी सहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या आमच्या ह्यांना तर नाहीच. मागच्या आठवड्यात सांगितलं — आणि आता तोंड उघडलंच आहे, तर तुम्हालाही सांगते. मैत्रिणीला सांगावं तसं. फक्त मध्येच ‘जाऊ दे गं’ म्हणू नका. ते ऐकायला मी बसलेली नाही.

गोष्ट एका गाडीची आहे. म्हणजे — निमित्त गाडीचं.

आमचे हे, दिनकरराव, साखर कारखान्यात केमिस्ट होते. तेव्हा आम्ही अंकुशनगरला क्वार्टरमध्ये राहायचो. ह्यांना व्यसन म्हणाल तर सुपारीचंसुद्धा नाही. वेड मात्र एक होतं, गाड्यांच्या किमतींचं. दारात होती स्कूटर, तीही ढकलून चालू होणारी. पण रविवारचा पेपर आला की हे कात्री घेऊन बसणार, जुन्या गाड्यांच्या जाहिराती कापणार आणि ग्राफपेपरवर ठिपके देणार. आडव्या रेघेवर गाडीचं वय, उभ्या रेघेवर किंमत. तीन गाड्या, तीन रंगांच्या पेन्सिली. साखरेचा उतारासुद्धा ह्यांनी इतक्या मायेनं काढला नसेल.

त्यातली लाल रेघ ह्यांची लाडकी. गाडी दिसायला छोटी, मागचं दार वर उघडणारी, पण आत इंजिन मोठ्या गाडीचं. अशी गाडी घेणारा आपल्याकडे वेडाच समजला जातो, कारण ती पेट्रोल पिते, आणि आपल्याकडे गाडी दिसली की पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा. त्यामुळे नवी साडेपाच लाखांना मिळणारी ही गाडी दोन वर्षांत सव्वातीनवर यायची. बाकीच्या दोन रेघा सावकाश उतरायच्या. ही लाल मात्र धाडकन खाली येऊन मग सपाट व्हायची. ह्यांचं म्हणणं, शहाण्यानं जिथं रेघ सपाट होते तिथं गाडी घ्यावी. नव्या गाडीचे जास्तीचे पैसे हे गाडीचे नसतातच — ते लोकांनी बघावं म्हणून दिलेले असतात.

मला त्या वाक्याचा राग यायचा. का यायचा, ते पुढे कळेलच.

दोन हजार तीनच्या हंगामात ती गाडी सापडली. जालन्याला रफीकभाई म्हणून आहेत, मोटार वायंडिंगचं दुकान. कारखान्यातल्या विजेच्या लहान मोटारी जळाल्या की त्यांच्याकडे जायच्या, प्रयोगशाळेतलीसुद्धा एकदा गेली होती, तेवढ्यावरची ह्यांची ओळख. त्यांच्याकडे ही लाल रेघेतली गाडी, दोन वर्षं वापरलेली. विकायला काढली, कारण कंबर धरली होती आणि त्या बुटक्या गाडीत वाकून शिरणं होईना. आम्ही दोघं बघायला गेलो. रफीकभाई ह्यांच्याशी असं बोलले जसं काही मुलगी द्यायची आहे. तेल कधी बदललं, कुठल्या दाराची काच कुरकुरते, सगळं आपणहून सांगितलं. घरातून सरबत आलं. मग ह्यांनी अंबड रस्त्यावर गाडी चालवून पाहिली.

मी मागच्या सीटवर होते. घरी आल्यावर मी म्हणाले, मला बाई भीती वाटली. तेही खोटंच. मला मजा आली होती. आणि आरशात ह्यांचा चेहरा दिसत होता — अठरा वर्षांच्या संसारात तो माणूस असा हसलेला मी पाहिला नव्हता. कुणाकडे बघून नाही, आपलं आपण. हे लक्षात ठेवा. मी ते पाहिलं होतं, आणि पाहूनही पुढचं केलं.

व्यवहार तिथंच ठरला. ह्यांनी इसार म्हणून पाच हजार पुढे केले, तर रफीकभाईंनी हात मागे घेतला. म्हणाले, “इसार कायको, साहब? जबान झाली ना.” गाडीच्या कागदावर बँकेचा बोजा होता, तो उतरायला थोडे दिवस लागणार होते. कागद हातात आला की फोन करतो, तोवर गाडी तुमचीच समजा, असं ठरलं.

आता माझं सांगते.

त्याच दसऱ्याला परभणीला माझ्या धाकट्या बहिणीकडे नवी गाडी आली होती. सीटवरचं प्लास्टिक सहा महिने काढलं नाही त्यांनी. बहिणीनं एवढंच विचारलं होतं, “ताई, तुम्ही कधी घेताय?” साधा प्रश्न. पण माझ्या डोक्यात तो किडा शिरला. गाडी येणार, मी औक्षण करणार, नारळ फुटणार, पेढे वाटणार — आणि कुणीतरी विचारणार, नवी का हो? मग मी काय म्हणू? जालन्याच्या वायंडिंगवाल्याची वापरलेली?

लहानपणी मी चुलतबहिणीचे जुने फ्रॉक घातले, म्हणून असं झालं, असं मला म्हणता येईल. मी स्वतःशी पुष्कळदा म्हटलंही. पण तेच फ्रॉक माझ्या बहिणीनं माझ्यानंतर घातले, आणि तिनं कुणाला फसवलं नाही. तेव्हा ते राहू द्या.

पंधरा-सोळा दिवसांनी दुपारी फोन आला. हंगामाचे दिवस, रात्रपाळी करून हे आतल्या खोलीत झोपलेले. रफीकभाई होते. कागद तयार आहेत, साहेबांना म्हणावं कधी बी या. आणि मग हसून सांगितलं, मध्ये एक जण आला होता, जास्त देत होता, पण त्याला म्हटलं, भाऊ, गाडी गेली. मी म्हणाले, सांगते हं.

उठवायचं होतं. दार ढकललं असतं तरी उठले असते. मी चहाच्या वेळेपर्यंत थांबले. आणि चहा देताना म्हणाले — रफीकभाईंचा फोन आला होता. एक जण जास्त देत होता म्हणे. गाडी त्याला दिली.

कळतंय ना मी काय केलं? खोटं रचायलासुद्धा मला कष्ट पडले नाहीत. त्या माणसानं आपल्या प्रामाणिकपणाची जी गोष्ट मला हसत सांगितली होती, तीच मी उलटी करून ह्यांच्यापुढे ठेवली.

ह्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, “जबान दिल्ती त्यानं.” बस. भांडले नाहीत, फोन केला नाही. पाय धरून गाडी मागणारा स्वभाव नाही, हे मला ठाऊकच होतं. त्याच भरवशावर तर मी बोलले होते. ग्राफपेपर गुंडाळून कपाटावर टाकले, ते पुन्हा काढले नाहीत. रविवारचा पेपर आता सरळ बातम्यांपासून वाचायला लागले.

तीन आठवड्यांनी रफीकभाईंचा पुन्हा फोन. हे ड्युटीवर. मी म्हणाले, साहेबांचं मन बदललं, आम्ही नवी घेतोय. मग ते म्हणाले, “ठीक है, भाभी. साहेबांनी एक फोन केला असता तं बरं झालं असतं.” आवाज चढवला नाही. मी रिसीव्हर ठेवला आणि शेंगदाणे भाजायला घेतले, करपवले.

गुढीपाडव्याला आमच्या दारात नवी गाडी आली. कर्ज काढून, शांत, गरीब स्वभावाची. औक्षण झालं, पेढे झाले, बहीण येऊन ‘छान आहे’ म्हणाली. माझा आनंद किती टिकला? आठ दिवस. फार तर दहा. हे ती गाडी चाळीसच्या वर कधी नेत नसत. विचारलं तर म्हणत, घाई काय आहे.

इथवर असतं तर मी कदाचित विसरलेही असते. माणूस काय वाट्टेल ते विसरू शकतो. पण ह्यांच्या मनात ते बसलं होतं. कॉलनीत कुठं शब्दाचा, विश्वासाचा विषय निघाला की हे जालन्याच्या वायंडिंगवाल्याचं उदाहरण देत. मी समोर चहाचा ट्रे घेऊन उभी. मग हे कारखान्यातल्या फोरमनपाशी बोलले असावेत. लहान मोटारी जालन्याला जायच्या बंद झाल्या, दुसरीकडे जायला लागल्या. ते मला जेवताना सहज सांगितलं. मी भाकरी वाढली. एका माणसाचं काम माझ्यामुळे गेलं आणि मी भाकरी वाढली.

आणि आणखी एक, हे लिहायला सगळ्यात जड जातंय. त्यांचं नाव रफीक नसतं तर कॉलनीतल्या चारचौघांनी इतक्या पटकन मान डोलावली नसती. ‘हे असेच असतात’ असं एकजण म्हणालाही. मला तेव्हा बोलता आलं असतं. तेव्हा तरी. मी काय केलं? रिकामे कप उचलले.

हे निवृत्त झाल्यावर आम्ही वडीगोद्रीला राहायला आलो. मागच्या आठवड्यात मी दवाखान्याच्या कामाला जालन्याला गेले होते, एकटीच. एसटी स्टँडवर बसची वाट बघत होते, तर समोरून रफीकभाई. दाढी पांढरी झालेली, कंबर तशीच. मला वाटलं तोंड फिरवतील. मीच पदर ओढून घेतला. ते थांबले, सलाम केला, साहेबांची तब्येत विचारली. माझी पिशवी जड दिसली, म्हणून अंबडच्या बसपर्यंत त्यांनी ती उचलून आणली. गाडीचा विषय काढला नाही. खिडकीतून पिशवी आत दिली आणि साहेबांना सलाम सांगा म्हणाले.

वडीगोद्रीपर्यंत तो सलाम माझ्याजवळ होता. तो पोचवायचा, तर कसा पोचवायचा? हे म्हणणार, त्या खोटारड्याचा सलाम कशाला आणलास.

घरात शिरले, चपला काढल्या, आणि उभ्याउभ्याच सांगितलं. सगळं. पहिला फोन, दुसरा फोन, बहिणीचं, पेढ्यांचं. रडले नाही, रडले असते तर ह्यांना मलाच समजवावं लागलं असतं. हे खुर्चीत बसले होते. मला वाटलं ओरडतील. वाटलं, विचारतील — का? उत्तरही तयार होतं माझं, लाजिरवाणं असलं तरी. पण ह्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाले, “मंग किती दिवस थांबला तो?”

मी म्हणाले, पहिल्या फोननंतर एकवीस दिवस.

हे उठले, सदरा चढवला. आज उशीर झालाय, उद्या जाऊ, असं मी म्हणाले. पण चार वाजले होते, उशीर कसला. “चल,” म्हणाले, “तूच सांग.”

दुकानात रफीकभाई मोटारीचं कॉइल गुंडाळत होते. तारेचे वेढे मोजायचे असतात, मध्ये बोललं की मोजणी चुकते. त्यांनी आम्हाला पाहिलं, भुवया वर झाल्या, पण ओठ हलतच राहिले — त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर. आम्ही दोघं दारात उभे. मला त्यांनी शंभरापर्यंतच नव्हे, हजारापर्यंत मोजावं असं वाटत होतं. मग तार तोडली, हात पुसले. मी बोलले. थोडंच होतं, खरं म्हणजे. सहा वर्षं वागवलेलं ते दोन मिनिटांत संपलं.

रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ह्यांच्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, “साहब, म्या तुमाला लई जागी खोटा म्हणलो. सहा साल.”

हे म्हणाले, “मी बी तुमाला.”

मग दोघं बाकावर बसले. शेजारी शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून. दोघंही शब्दाचे पक्के, आणि सहा वर्षं गावोगाव एकमेकांना खोटं म्हणत फिरले. मला दोघांपैकी कुणी काही म्हणालं नाही. पाणी आलं, तेही दोघांपुरतंच आलं, आणि ते बरोबरच होतं. मी दाराशी उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा छातीत श्वास पूर्ण भरला — खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. फार बरं वाटलं.

कॉलनीतली ती चारचौघं अजून आहेत, फोरमनही आहे. त्यांच्या कानांवर गोष्ट चुकीची गेली होती, म्हणून हे लिहून काढलं. वायंडिंगवाल्यानं शब्द मोडला नव्हता. केमिस्टसाहेबांनीही नाही. फोन मी घेतला होता.