गंजी तीनची ओळ

भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी फिदीफिदी हसणारा मी. राहणार देवळी, धंदा प्रोग्रॅमिंगचा. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर राग नाही.

माझे मामा हिंगणघाटच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या गंज्या सांभाळतात. त्यांच्याच ओळखीनं मला तिथलं काम मिळालं – प्रत्येक गंजीत सेन्सर, आणि गंजी आतून तापली की ऑफिसच्या स्क्रीनवर एक ओळ. पायथनमधली छोटीशी स्क्रिप्ट. माझ्या लॅपटॉपवर ओळ लगेच दिसली, म्हणून मी निर्धास्त! पण ऑफिसात आउटपुट दुसऱ्या एका प्रोग्रॅममधून स्क्रीनवर जात होतं. अशा वेळी पायथन ओळ लगेच सोडत नाही, बफरमध्ये साठवतो – बादली भरली की मगच ओतायची, तसं. लगेच हवी तर फ्लश लिहावं लागतं. मी ते लिहिलंच नव्हतं.

एका दुपारी मामांचा फोन. "भाचेबुवा, तुह्या मशीननं जीव वाचवला ना माहा! जेवून गंजीमांगं झोपलो होतो... ऑफिसातली वैशाली बोंबलतच आली, स्क्रीनवर 'गंजी ३ गरम' आलं म्हने. मले उठवलं, गंजी फोडली, तं आत धुमसून राह्यली होती!"

छाती फुगवूनच मी पोचलो. कोड उघडला, तर फ्लश कुठेच नव्हतं.

"वैशाली, ओळ नक्की दिसली?"

"हो ना दादा. वाचली अन् पळाली मी. परत येऊन पाह्यलं तं स्क्रीन कोरी."

मी स्क्रिप्ट बंद केली. बंद होताना बफर रिकामा होतो. तेव्हा कुठे आत अडकलेली ओळ बाहेर पडली – 'गंजी ३ गरम'. एकच. म्हणजे तोवर ती आतच होती... मग वैशालीनं वाचलं ते काय?

मी गुपचूप फ्लश टाकलं. बाहेर मामा हमालांना सांगत होते, "माह्या भाच्याचं डोकं पाहा!" घरी मामीनं मला ओवाळलं. त्या ताटासमोर बसताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा पुन्हा गेलो होतो. मामा जेवून गंजीमागे दुपट्टा अंथरत होते.

"मामा, इथं नका झोपू."

"काऊन? तुह्यं मशीन हाये ना!"

आणि घोरायलाही लागले. त्या दिवशी त्यांना माझ्या मशीननं उठवलं नव्हतं, हे मी अजून सांगितलेलं नाही. वैशालीला ती ओळ कोणी दाखवली, ते मलाच माहीत नाही. ते जागे होईपर्यंत मी त्यांच्या उशाशी बसून राहिलो.