चोथेबुवांचे पन्नास अंश

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत पगारावर, बोनसवर आणि सुट्टीवर प्रेम करणारी माणसं पुष्कळ झाली. चोथ्यावर प्रेम करणारा एकच होऊन गेला. मी केमिस्ट होतो त्या कंपनीच्या प्रयोगशाळेतले ते साहाय्यक, राहणारे गडब गावचे. सगळे त्यांना चोथेबुवा म्हणत. बिअरच्या कारखान्यात बार्लीचा अर्क काढून झाला की उरणारा ओला, आंबूस चोथा लोक म्हशींपुढे टाकत. चोथेबुवांना त्यात साखर दिसे. एन्झाइम घालून उबेत ठेवला की असला चोथा पचतो आणि त्याची साखर होते, हे मी पदवीच्या पुस्तकात वाचून विसरलो होतो. त्यांनी ते माझ्याकडून ऐकून मनावर घेतलं. कुणी शंका काढली की ते डब्यातली तांदळाची भाकरी त्याच्या तोंडात कोंबत आणि दोन मिनिटं न गिळता चावायला लावत. कॅन्टीनमध्ये एकदा युनियनच्या पुढाऱ्यासकट सहा जण गाल फुगवून मुके बसलेले मी पाहिले आहेत. "गोड लागली का नाय? तुमच्या तोंडात हाय तसलंच माझ्या फ्लास्कात हाय. माझा फ्लास्क बडबडत नाय, येवढाच फरक."

एन्झाइमला ते जावई म्हणत. "गार ठेवला तर झोपतो, तापवला तर कायमचा जातो. पन्नास अंश, बस." थर्मामीटर असतानाही, तान्ह्या बाळाचं अंघोळीचं पाणी बघावं तसं ते पाण्यात कोपर बुडवून बघत. वीज गेली की घरून आणलेली गोधडी फ्लास्कभोवती गुंडाळून शेजारी बसून राहत.

एकदा मुंबईचे मोठे साहेब दुसऱ्या दिवशी प्रयोग बघायला येणार, असं ठरलं. त्यांना पटलं तर हेच मोठ्या प्रमाणावर करायला चोथेबुवांना स्वतःची टाकी मिळणार होती. आदल्या दिवशी दुपारी तीनला चोथेबुवांनी फ्लास्कात एन्झाइम घातलं. तेवढ्यात गेटवर चोथ्याचा ट्रक आला. "साहेब, सहापर्यंत बघा. पन्नासच्या वर जाऊ देऊ नका," असं मला बजावून ते माल उतरवून घ्यायला गेले. माझी पेणची बस साडेपाचची. तिथल्या रामवाडीत माझ्या घरी पाहुणे यायचे होते. आच वाढवली की भात लवकर शिजतो, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं. मी हीटरचं बटण ऐंशीवर नेलं, पाचला सगळं बाटलीत भरलं आणि बटण पुन्हा पन्नासवर आणून ठेवलं.

सकाळी साहेबांसमोर चोथेबुवांनी साखर तपासायचं निळं द्रावण घालून उकळलं. ते विटेसारखं लाल व्हायला हवं होतं. निळंच राहिलं. "म्हशींना घाला," म्हणून साहेब हसले, मागोमाग सगळे हसले. चोथेबुवांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "माझंच कायतरी चुकलं असंल." त्यांची बदली गोदामात झाली. मी बोललो नाही. पुढे प्रयोगशाळेचा प्रमुख झालो, तरी बोललो नाही. म्हणून आज लिहितो: त्यांचा प्रयोग बरोबर होता. जावई मी मारला.

ते वारण्याआधी एकदा गडबला त्यांच्याकडे गेलो. कोरा चहा दिला, त्यात तपकिरी पाक. मोड आलेल्या नाचणीचं पीठ चोथ्यात कालवून, चुलीच्या उबेला ठेवून त्यांनी घरीच काढलेला.

"गोडी बरी हाय ना?"

"छान आहे."

त्यांनी माझ्या कपात आणखी चमचाभर पाक घातला. "त्या दिवशी बाटली उघडली तेव्हाच शिजल्याचा वास आला होता," असं म्हणाले आणि मग अगदी आपुलकीनं विचारलं, "बस भेटली होती ना तुम्हाला?"

मी मान हलवली. मिळाली होती. खिडकीजवळची जागासुद्धा मिळाली होती.